गच्चीवरच्या जुन्या डिश आणि आईचं सह्याद्री (साखळी, गोवा)

रानमोगरा · सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. विषय तंत्रज्ञानाचा म्हणावा की घरगुती, कळेना. संपादकांना चुकीच्या विभागात वाटला तर हलवावा.

माझी आई साखळीला एकटी राहते. मी पणजीत नोकरीला, शनिवार-रविवार घरी. आईचं टीव्ही बघणं म्हणजे संध्याकाळी सह्याद्रीच्या बातम्या, डीडी गोवावर काही असेल ते, आणि दुपारी डोळा लागेपर्यंत एखादा जुना सिनेमा. एवढ्यासाठी दर महिन्याला साडेतीनशे रुपये जातात. गेल्या महिन्यात रिचार्ज दोन दिवस उशिरा झालं तर पडदा काळा. पुन्हा चालू करायला फोनवर अर्धा तास 'एक दाबा, दोन दाबा'. (कंपनीचं नाव घेत नाही.) आईने रिमोट कपाटात ठेवून दिला आणि म्हणाली, "बाबा होते तेव्हा अँटेनावर फुकट दिसायचं."

तर आता फ्री डिश (दूरदर्शनची बिनपैशाची डिश सेवा) घ्यायचं ठरलंय. पण नवीन डिश कशाला? गच्चीवर ह्या आधीच आहेत:

एक 'डिश टीव्ही' कंपनीची गोल ६० सेंटिमीटरची, बाबांनी घेतलेली. पत्रा अजून ठणठणीत, नट गंजलेत. दुसरी सध्याच्या कनेक्शनची, थोडी अंडाकृती. आणि तिसरी परसात, बाबांच्याच हौसेची आठ फुटी जाळीची. तिच्यावर गेली दहा वर्षं दोडक्याचा वेल चढतो. दोडके चांगले लागतात.

यातली कुठली वापरता येईल? वर चढायची माझी तयारी आहे. माणूस बोलावला तर तो पहिलं वाक्य "ही डिश चालणार नाही" असंच बोलणार, हे मला आत्ताच दिसतंय.

---

नेटकरी · सोमवार, रात्री ९.३२

फोनवर यूट्यूब लावून द्या, दूरदर्शनच्या बातम्या तिथे असतात. २१व्या शतकात गच्चीवर कोण चढतं?

---

रानमोगरा · सोमवार, रात्री ९.४०

@नेटकरी, आमच्या वाड्यावर नेट खिडकीपाशी उभं राहिलं तरच येतं. आईला खिडकीपाशी उभं करून बातम्या दाखवू?

---

खांबावरचा · सोमवार, रात्री ११.०५

ताई, फोंड्याहून लिहितोय. तीस वर्षं हेच काम केलं, आता गुडघ्यांनी निवृत्त केलं. सविस्तर लिहितो, इथे दर सहा महिन्यांनी हाच प्रश्न येतो आणि अर्धवट उत्तरं मिळतात.

पहिली गोष्ट. डिश कुठल्याही कंपनीची नसते. तो नुसता वाकवलेला पत्रा, आरसाच म्हणा. त्याच्यावर छापलेलं नाव सिग्नलला वाचता येत नाही. कंपनीचा असतो तो बॉक्स, आणि थोडाफार पुढच्या दांड्यावरचा एलएनबी, म्हणजे डिशवरून परतलेला सिग्नल पकडून केबलमधून खाली पाठवणारा डबा. बॉक्स कार्डाला बांधलेला, तो विसरा. सध्याच्या कनेक्शनची डिश मात्र भाड्याची आहे की विकत, ते पावतीवर बघा. भाड्याची असेल तर ती परत जाणार, तिला हात लावू नका.

तुमची डिश टीव्हीवाली सगळ्यात सोपी. डिश टीव्ही ९५ अंश पूर्वेच्या उपग्रहावर, आणि डीडी फ्री डिश ९३.५ अंशांवर, जीसॅट-१५ वर. आकाशात दोघे शेजारी. मजा म्हणजे डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची ही सेवा 'डीडी डायरेक्ट प्लस' नावानं सुरू झाली तेव्हा ती ९५ वरच होती, डिश टीव्हीच्याच एनएसएस-६ उपग्रहावर. २००७ मध्ये ती इन्सॅट-४बी वर गेली तेव्हा अर्ध्या फोंडा तालुक्यातल्या छत्र्या मी बोटभर फिरवल्या आहेत. बोटभर म्हणजे खरंच बोटभर: गोव्यातून दोघांच्या दिशेत दोन अंशांचा फरक पडतो, आणि ६० सेंटिमीटरच्या डिशची कड तेवढ्यासाठी जेमतेम एक सेंटिमीटर सरकते. वर उचलायची तीही सव्वा अंशच.

गोव्यासाठी आकडे लिहून ठेवा. दिशा उत्तरेपासून १२७ अंश, म्हणजे आग्नेय, पण किंचित पूर्वेकडे कललेली. डिसेंबरात सूर्य जिथे उगवतो त्याच्याही बारा-तेरा अंश दक्षिणेला. उंची, म्हणजे क्षितिजापासून वर, ६१ अंश. पेडण्यापासून काणकोणापर्यंत यात फारसा फरक पडत नाही.

बघताना फसू नका. ह्या डिश ऑफसेट असतात, एलएनबी मध्यावर नसून खाली असतो. म्हणून डिश ६१ अंशांवर बघत असली तरी तोंड बरंच खाली, शेजाऱ्याच्या कौलांकडे वळल्यासारखं दिसतं. नवखा माणूस ती आभाळाकडे वळवतो आणि दिवसभर बोंबलत बसतो. मागच्या ब्रॅकेटवर अंशांच्या रेघा असतात, त्यात हा फरक बहुधा धरलेला असतो. ६१ वर लावा.

आणि सगळ्याच्या आधी खांब ओळंब्यात हवा. पाणसळ दोन बाजूंनी लावून बघा. खांब तिरका असला की डिश फिरवताना उंचीही बदलते, मग शोधणार काय आणि कुठे?

बॉक्स कोणताही फ्री टू एअर (कार्डाशिवाय उघड्या वाहिन्या दाखवणारा) चालेल, पण एमपीईजी-४ वाला घ्या. एमपीईजी म्हणजे चित्र दाबून पाठवायची पद्धत, २ जुनी, ४ नवी. बऱ्याच वाहिन्या एमपीईजी-२ मध्ये आहेत, काही एमपीईजी-४ मध्ये, त्या साध्या बॉक्सवर दिसत नाहीत. त्याआधी टीव्हीची पाठ बघा. पुष्कळ नव्या टीव्हींत ट्यूनर आतच असतो, आट्यांचा पॉइंट दिसला तर बॉक्स लागणारच नाही.

---

माडाखाली · मंगळवार, सकाळी ७.२०

वाचनखूण साठवली. एक भर. आग्नेयेला माड आहे का बघा. ६१ अंशांच्या हिशेबानं झाडाच्या उंचीच्या निम्म्याहून थोडं जास्त अंतर हवं: ५० फुटी माड असेल तर डिश त्याच्यापासून २८ फुटांपलीकडे. आमच्याकडे हिवाळ्यात सगळं ठीक असायचं आणि चवथीच्या दिवसांत वारा सुटला की चित्राचे चौकोन व्हायचे. तंत्रज्ञ तीनदा येऊन एलएनबी बदलून गेला. शेवटी पाडेली वर चढला आणि दोन झावळ्या उतरवल्या, आजतागायत तक्रार नाही.

---

रानमोगरा · रविवार, रात्री ८.१५

हरले. अहवाल देते.

खांब ओळंब्यात केला. आमच्या मिस्त्रीकाकांचा ओळंबा आणला. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री खोबरेल सोडलं होतं (घरात दुसरं काही नव्हतं), सकाळी सुटले. जुन्या एलएनबीची पुढची टोपी उन्हानं फुटलेली, आत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं, छान, गुळगुळीत, तीन खोल्यांचं. तो काढला आणि अंडाकृती डिशवरचा एलएनबी आणून बसवला. ती डिश विकतच घेतलेली निघाली, पावती सापडली. बॉक्स नवीन, नऊशे रुपयांचा.

दोन तास डिश फिरवली. स्ट्रेंग्थ ७०-७५, क्वालिटी शून्य. शून्य म्हणजे शून्य. उन्हानं कातडी सोलली. फोनवरचा कंपास एकदा आग्नेय दाखवतो, दोन पावलं सरकलं की दक्षिण. आई खालून विचारत होती, "जेवायला येतेस की तिथेच पाठवू?"

---

खांबावरचा · रविवार, रात्री ८.५०

स्ट्रेंग्थकडे बघूच नका. एलएनबीला वीज पोचली की ती भिंतीकडे तोंड करूनही ७० दाखवते. खरी ती क्वालिटी.

त्या एलएनबीवर काय छापलंय ते वाचून सांगा. एलओ असं लिहिलेलं असेल, त्यापुढचा आकडा.

---

रानमोगरा · रविवार, रात्री ९.२०

बॅटरी घेऊन वर जाऊन आले. एलओ १०६००. बस्स, एकच आकडा.

---

खांबावरचा · रविवार, रात्री ९.४५

सापडला चोर. वर्षभर फिरवली असती तरी क्वालिटी आली नसती.

का ते सांगतो, वजाबाकीच आहे. उपग्रहावरून येणारी फ्रिक्वेन्सी इतकी वरची की ती केबलमधून बॉक्सपर्यंत टिकत नाही. म्हणून एलएनबी तिच्यातून स्वतःचा आकडा (तोच एलओ) वजा करतो आणि उरलेली खाली पाठवतो. बॉक्सला ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ एवढंच ऐकू येतं. फ्री डिशचा एक ट्रान्सपॉण्डर (उपग्रहावरचा प्रक्षेपक) आहे ११०९० वर. त्यातून १०६०० गेले, उरले ४९०. बॉक्स बहिरा. आता युनिव्हर्सल एलएनबी घ्या, त्यावर ९७५० आणि १०६०० असे दोन आकडे असतात. ११०९० वजा ९७५०, उरले १३४०. बरोबर मध्ये. फ्री डिश ११७०० च्या खाली असल्यानं ९७५० चाच उपयोग होतो.

म्हापशाच्या बाजारात दोन-अडीचशेला मिळेल. पुडक्यावरचं नाव नको, अंगावरचे आकडे वाचून घ्या.

मेनूत एलएनबी प्रकार युनिव्हर्सल, फ्रिक्वेन्सी ११०९०, सिम्बॉल रेट २९५००, पोलरायझेशन व्हर्टिकल. हे हातानं भरा आणि क्वालिटीचा पट्टा पडद्यावर ठेवून मगच वर जा. आणि कनेक्टर काढ-घाल करताना बॉक्सचं बटण बंद. केबलमधून १३-१८ व्होल्ट वर जात असतात, मधली तार केबलच्याच बाहेरच्या जाळीला टेकली की नऊशे रुपये गेले.

कंपास फिरतोय कारण जवळ लोखंड आहे. गच्चीवर पत्र्याची शेड असेल.

---

रानमोगरा · रविवार, रात्री ९.५०

आहे. पावसाळी शेड. तिच्याखालीच उभी राहून बघत होते. 🤦

---

हरमलचो · सोमवार, दुपारी १.३०

अवांतर, पण त्या आठ फुटी जाळीबद्दल कुणीच बोललं नाही! आमच्याकडे होती अशी. १९९१ च्या आखाती युद्धाच्या बातम्या, मग एशियासॅट-१ वरचा स्टार, मग १९९२ मध्ये झी. वाड्यावरची पोरं आमच्या बल्कांवात (ओसरीवर) बसायची. डिश फिरवायला काका बाहेर, बघायला मी आत, आणि मध्ये निरोप सांगायला आजी. वर्ल्ड कपच्या वेळी काकांनी मॅच पाहिलीच नाही, डिश धरून उभे होते.

तिला युनिव्हर्सल एलएनबी लावला तर? आठ फूट म्हणजे सिग्नल धो धो येईल ना?

---

खांबावरचा · सोमवार, दुपारी ३.१०

@हरमलचो, येईल असं वाटतं, पण येत नाही. ती सी-बँडची, म्हणजे लांब लाटांच्या जुन्या पट्ट्याची. फ्री डिश येतं ते केयू-बँडवर, आखूड लाटांच्या पट्ट्यावर. सी-बँडची लाट साडेसात सेंटिमीटरची, तिला जाळीची भोकं दिसत नाहीत, भिंतच वाटते. केयू-बँडची लाट पावणेतीन सेंटिमीटरची. तिला जाळीही पुरती भिंत वाटत नाही आणि पत्र्यातला पोचाही खुपतो. दहा वर्षं दोडका वाहिलेली डिश गोल उरलेली नसते. शिवाय डिश जेवढी मोठी तेवढी तिची नजर अरुंद. ६० सेंटिमीटरची डिश तीन अंशांचा तुकडा बघते, आठ फुटी पाऊण अंशाचा. हातानं तो पकडणं म्हणजे चालत्या बसमधून सुईत दोरा ओवणं.

पण सी-बँडसाठी ती अजूनही सोनं आहे. ९३.५ वरच सी-बँडमध्येही दूरदर्शनच्या वाहिन्या आहेत. सी-बँडचा एलएनबी लावा, बॉक्समध्ये एलओ ५१५० भरा. आणि पावसात तिची गंमत बघा. वर्षाला ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आपल्या मुलखात केयू-बँड आषाढात मान टाकतो, सी-बँडला पाऊस जवळजवळ लागतच नाही. केबलवाले अजून मोठ्या डिश बाळगून आहेत ते उगाच नाही.

ताई, दोडका काढाल का?

---

रानमोगरा · सोमवार, दुपारी ३.२५

आई नाही म्हणाली. विचारलंसुद्धा.

---

बिनतारी · सोमवार, रात्री १०.००

हा सगळा खटाटोप कशाला? एक 'सर्व्हर'वाला बॉक्स मिळतो, वर्षाला हजार द्या, सगळ्या पेड वाहिन्या चालू. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

संपादक मंडळ · सोमवार, रात्री १०.२०

पेड वाहिन्या चोरून उघडण्याची चर्चा इथे चालणार नाही, ते बेकायदा आहे. धागा मुळात फुकट आणि उघड असलेल्या वाहिन्यांचा आहे, त्यावर राहू या.

---

रानमोगरा · शनिवार, दुपारी १२.४०

आयलें!!!

सविस्तर लिहिते, अजून हात थरथरतायत.

नवा एलएनबी २२० रुपयांना. दुकानदारानं आधी दुसराच काढून दिला, "सगळे सारखेच असतात मॅडम." मी चष्मा लावून आकडे वाचले, तेव्हा आतून हा आणला. दिशा ह्या वेळी गच्चीच्या दूरच्या कोपऱ्यात, शेडपासून लांब उभी राहून ठरवली. तिथून आग्नेयेच्या थोडं पूर्वेला शेजाऱ्यांच्या फणसाचा शेंडा येतो, तो खुणेला धरला.

उंची ६१ वर घट्ट केली आणि फक्त आडवी फिरवायला घेतली. आई खाली टीव्हीसमोर, खिडकी उघडी. अर्धा अंश सरकवायची, थांबायचं. मागच्या वेळची दुसरी चूक इथे कळली. मी डिश सलग फिरवत होते आणि बॉक्सला सिग्नल ओळखायला दोन-तीन सेकंद लागतात, तोवर मी पुढे गेलेली. आता हलवायची, मनात तीन मोजायचे, मग आईचा आवाज.

"ना."
"ना."
"ना गो."
"आयलें! आयलें!... गेलें."

पुढे गेलेली तेवढी नखभर मागे घेतली. "आयलें. ५८ म्हणटा." मग मागचा बोल्ट आवळला तर ४० वर उतरलं, आवळताना डिश ओढली जाते. पुन्हा सैल, पुन्हा. शेवटी दोन्ही बोल्ट आळीपाळीनं पाव-पाव आटे आवळले तेव्हा जागेवर राहिली. मग एलएनबी त्याच्या पट्ट्यात थोडा थोडा गोल फिरवला, ५८ चे ७१ झाले. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!

स्कॅन लावला. सह्याद्री आलं, डीडी गोवा आलं. आई पहिल्यांदा काय म्हणाली असेल? "आवाज मोठा कर."

---

खांबावरचा · शनिवार, दुपारी १.१५

शाब्बास! एलएनबी फिरवायचं सांगायचं राहिलं, चूक माझी. उपग्रह आपल्या बरोब्बर दक्षिणेला नाही, त्यामुळे तिथे जी लाट उभी आहे ती आपल्याला तिरकी दिसते, गोव्यातून तर चांगलीच तिरकी. पट्टा बघत फिरवणं हीच रीत, कागदावरचा कोन पाठ करून काही होत नाही.

आता पावसाच्या आधी एवढं करा. केबल एलएनबीकडून थेट खाली आणू नका, आधी एक झोळ द्या, पाणी झोळाच्या तळातून गळून जातं. आणि कनेक्टरवर रबरी टेप ओढून ताणून गुंडाळा.

---

रेतीत पाय · शनिवार, सायंकाळी ६.०५

मोरजीहून. टेपबद्दल +१००. आमचं घर समुद्रापासून दोन शेतं आत, तरी वर्षाला एक कनेक्टर जातो. मागच्या जूनमध्ये क्वालिटी दिवसेंदिवस उतरत गेली. कनेक्टर कापला तर आतून पाण्याचा थेंब पडला, तांब्याच्या तारेवर हिरवी बुरशी आणि भोवतालची जाळी काजळासारखी काळी. दीड फूट कापली तेव्हा स्वच्छ तांबं लागलं. तेव्हापासून नट-बोल्ट स्टेनलेसचे, आट्यांना ग्रीस.

आणि गोव्यातल्या लोकांनी खास लक्षात ठेवायचं: चिऱ्याच्या भिंतीत फास्टनर ठोकू नका. चिरा भुसभुशीत, पहिल्या वर्षी धरतो, दुसऱ्या पावसात डिश भिंतीसकट सैल. स्लॅबमध्ये किंवा काँक्रीटच्या खांबात बसवा. कौलारू घर असेल तर अंगणात काँक्रीट भरलेला डबा आणि त्यात पाइप. डबा हलणार नाही एवढा जड हवा, आणि म्हशीच्या वाटेत नको. (अनुभव.)

---

नेटकरी · शनिवार, रात्री ९.००

मान्य, जमलं. पण मला एक सांगा, फ्री डिशवर कालपर्यंत असलेली वाहिनी आज गायब होते, त्याचं काय? माझ्या सासुरवाडीला तीच बोंब.

---

माडाखाली · शनिवार, रात्री ९.३५

@नेटकरी, खाजगी वाहिन्यांच्या जागांचा प्रसार भारती लिलाव करते. ज्यानं बोली लावली तो वर्षभर दिसतो, पुढच्या खेपेला नाही लावली तर गेला. कधी मोठे समूह आपण होऊनच निघून जातात. १ मार्च २०१९ ला झी अनमोल, स्टार उत्सव, सोनी पल, रिश्ते एकदम उठून गेले, पुढच्या वर्षी परतले, २०२२ च्या एप्रिलमध्ये पुन्हा गेले. लिलावाच्या हंगामात महिन्यातून एकदा स्कॅन लावायचा, बस्स.

दूरदर्शनच्या स्वतःच्या वाहिन्या मात्र जागच्या जागी. डीडी गोवा २०१९ मध्ये दहा इतर राज्यांच्या वाहिन्यांबरोबर फ्री डिशवर आलं. त्याआधी आल्तिनोवरच्या केंद्राचे कार्यक्रम बघायला आमच्या घरावर काड्यांचा अँटेना होता. ते जमिनीवरचे अॅनालॉग ट्रान्समीटर मार्च २०२२ पर्यंत देशभरात मोजके सोडून बंद झाले. रानमोगराच्या आई म्हणतात ते 'फुकट' तेच. आता फुकट हवं तर आभाळाकडेच बघावं लागतं.

---

हरमलचो · रविवार, सकाळी ११.२०

कंपास नको, मीटर नको अशी एक जुनी युक्ती. मार्चच्या मध्यावर दोन-चार दिवस सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला सूर्य गोव्यातून बघताना नेमका ९३.५ च्या उपग्रहामागे येतो. तेव्हा टीव्ही काही मिनिटं अडखळतो, सूर्याचा गोंगाट सिग्नलला बुडवतो. पण डिश बरोबर लागलेली असेल तर त्याच क्षणी तिच्यावरून परतलेला उजेड एलएनबीच्या तोंडावर गोळा झालेला दिसतो. उजेड बाजूला पडला तर डिश बाजूला आहे. ऑक्टोबरच्या तोंडावरही असंच, तेव्हा अकराला दहा कमी असताना.

म्हणूनच डिशला चकचकीत चंदेरी रंग देऊ नका. आमच्या एका पाव्हण्यानं दिला, दिसायला देखणी झाली, आणि मार्चात एलएनबीची टोपी वितळून खाली लोंबली. गंज लपवायचा असेल तर बिनचमकेचा राखाडी, पातळ हात.

---

खांबावरचा · रविवार, दुपारी १२.००

सूर्याची युक्ती पक्की. मी मार्चमध्ये मुद्दाम नवी कामं घ्यायचो.

ताई, वळिवाच्या विजा कडकडल्या की केबल बॉक्सपासून सोडवून ठेवायची आईंना सवय लावा. बटण आधी बंद, मग केबल.

---

रानमोगरा · तीन महिन्यांनी, रविवार

धागा वर काढतेय, पावसाचा हिशेब द्यायचा होता.

जून-जुलैत टीव्ही एकूण सात-आठ वेळा गेला. दर वेळी पाऊस असा की पलीकडचं घर दिसू नये. सगळ्यात मोठी खोट पंचवीस मिनिटांची, बाकी पाच-दहा. साधारण सरीत ७१ चे ५५ होतात, चित्र हलत नाही. ३५ च्या खाली गेलं की चौकोन. आई आता पट्टा न बघता सांगते, "पश्चिमेहून आला, आता जाईल टीव्ही." खरंच जातो. आवाज आधी तुटतो, मग बातम्या देणारीचं अर्धं तोंड थिजतं, ते तसंच राहतं. आई म्हणते, बिचारी.

खांबावरचा काका, ९० सेंटिमीटरची डिश लावली तर फरक पडेल का?

---

खांबावरचा · रविवार, दुपारी ४.४०

पडेल. क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, साडेतीन डेसिबल हातात येतात. सातातल्या चार-पाच खोटा वाचतील. पण ती वारा जास्त धरते, खांब जाड लागेल. वर्षाला तास-दीड तास टीव्ही बंद राहिला तर मी म्हणेन राहू दे. भंगारात आयती ९० ची मिळाली तर मात्र सोडू नका.

---

रानमोगरा · रविवार, सायंकाळी ७.१०

राहू दे मग. त्या वेळात आई वाती वळते.

बाकी, महिन्याचं कनेक्शन बंद केलं. अंडाकृती डिश काढून ठेवली होती, ती शेजारच्या काकींनी मागितली. त्यांचा मुलगा दुबईला, घरी त्या आणि एक मांजर. डिश लावायची जागा म्हणजे पत्र्याची शेड, आणि आग्नेयेला माझाच खुणेचा फणस. अंतर पावलांनी मोजून आले, फणसाच्या उंचीच्या मानानं पुरतं. दोन आकड्यांचा एलएनबी आणून ठेवलाय.

उद्या सकाळी चढतेय. आई त्यांच्या टीव्हीसमोर बसायला तयार आहे. कंपास नेत नाही.